रानमोडी, घाणेरी आणि हंगामी टोळीचे नियोजन

प्रश्न : पनवेलजवळील जंगलात देशी झाडांची पुनर्लागवड करणाऱ्या हंगामी मजुरांच्या टोळीचे काम कसे आखावे?

उत्तर : कर्नाळा हे १२.११ चौ. किमी.चे अभयारण्य असल्याने तेथे तणांची उपटणी असो वा लागवड, वनविभागाच्या परवानगीवाचून काहीही करता येत नाही; इतरत्रही जमिनीची मालकी आधी तपासावी लागते. पनवेल तालुक्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तर जुलैत भाताची आवणी, म्हणजे रोपांची पुनर्लावणी, मजूर ओढून घेते. म्हणून खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवून ऐन, किंजळ, बेहडा यांची रोपे जमीन पुरेशी भिजताच, आवणीपूर्वी लावणे श्रेयस्कर ठरते.

देशी रोपांना जागा मिळावी म्हणून घाणेरी आणि रानमोडी ही आक्रमक परदेशी झुडपे काढावी लागतात. घाणेरी नुसती कोयत्याने छाटल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते. त्यामुळे जमिनीखाली ३ ते ५ सें.मी.वर सोटमूळ, म्हणजे मुख्य मूळ, कुदळीने तोडून झुडूप उलटे ठेवावे. रानमोडी मात्र पावसाळा सरताना, माती मऊ असताना आणि फुले येण्यापूर्वी उपटावी, कारण तिचे बी वाऱ्याने पसरते.

मुकादमाने रोज काम सुरू होण्यापूर्वी राखायच्या देशी रोपांना फडके बांधून खूण करावी, पालापाचोळ्यात फुरसे व घोणस हे विषारी साप असल्याने बूट सक्तीचे करावेत आणि मजुरी ठरल्या दिवशी चुकती करावी. कारण पुढच्या हंगामात अनुभवी हात परततात की नाही, हे बहुतांशी त्यावरच ठरते.