माझ्यानंतर सगळं हिचंच

भाचा: मावशी, बाबांना म्हटलं मृत्युपत्र करा, तर म्हणाले, आपण काय इनामदार आहोत? पुण्यातला एक फ्लॅट, वाईजवळची शेती, थोड्या ठेवी आणि म्युच्युअल फंड. माझ्यानंतर सगळं तुझ्या आईचंच, त्यात लिहायचं काय?

मावशी: साताऱ्याच्या कोर्टात वकिली करताना वाटपाच्या किती दाव्यांच्या मुळाशी हेच वाक्य निघायचं! भावोजी ते अगदी मनापासून म्हणतात, पण मनातलं कायद्याला ऐकू येत नाही. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

भाचा: बाबांच्या एकट्याच्या. त्यांनीच पगारातून घेतला.

मावशी: मग मृत्युपत्राशिवाय काही बरंवाईट झालं, तर १९५६चा हिंदू वारसा कायदा वाटणी करणार. त्यात पहिल्या वर्गाचे वारस कोण? बायको, मुलगा, मुलगी आणि आई. तुझी आजी आहे ना अजून?

भाचा: आहे की. काकांकडे असते.

मावशी: म्हणजे चार सारखे हिस्से. ताईला पाव, तुला पाव, तुझ्या बहिणीला पाव आणि आजीला पाव.

भाचा: आईला फक्त पाव? आणि आजी काय आईला घराबाहेर थोडीच काढणार आहे?

मावशी: मुळीच नाही. मुलाच्या पश्चात म्हाताऱ्या आईला कायद्यानं वाऱ्यावर सोडलं नाही, हे मला योग्यच वाटतं. पण पुढचं बघ. आजी गेली की तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे जाणार. एक भाग काकांना, एक आत्याला आणि बाबांच्या जागी तुम्हा दोघा भावंडांना मिळून एक. म्हणजे काका आणि आत्या प्रत्येकी तुमच्या फ्लॅटच्या बाराव्या हिश्शाचे मालक. त्या वाटणीत ताईला काहीच नाही. पुढे कधी फ्लॅट विकायचा म्हटला, तर या सगळ्यांच्या सह्या हव्यात. काका नसले तर काकूंच्या आणि त्यांच्या मुलांच्या. यात कुणी लबाड असायची गरज नाही. एक जण परदेशात, एकाचं दुसऱ्याशी बोलणं बंद, एवढं पुरतं. आणि सह्यांसाठी दारोदार जायचं कुणी? ज्या घराचे हप्ते तिनं पोटाला चिमटा काढून फेडले, त्या घरासाठी तुझ्या आईनं.

भाचा: पण सोसायटीत, बँकेत, सगळीकडे नॉमिनी आईच आहे.

मावशी: इथंच चांगली शिकलेली माणसंही फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेनं पैसे किंवा कागद कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच त्यानं ठरतं. नॉमिनीनं ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयानं डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं, की शेअर्सवर नॉमिनी लावला म्हणून वारसाहक्क बदलत नाही. सोसायटीचंही तसंच. २०१९च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरेपर्यंत. आयुर्विम्यात मात्र २०१५पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असली, तर पैसे त्यांचेच होतात.

भाचा: मग नॉमिनेशन करायचंच कशाला?

मावशी: करायचंच. त्यानं पैसे लवकर हातात येतात, दवाखान्याचं बिल अडत नाही. फक्त त्याला मृत्युपत्र समजायचं नाही.

भाचा: आणि शेती? ती पणजोबांपासूनची आहे, अजून वाटप झालेलं नाही.

मावशी: मग भावोजींना तिच्यातल्या फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येईल. तुझा हिस्सा जन्मानं तुझा आणि तुझ्या बहिणीचा जन्मानं तिचा. वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीला आली, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं.

भाचा: माझी बहीण म्हणते, मला जमिनीतलं काही नको.

मावशी: तिला खरंच नको असेल तर प्रश्नच नाही. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या किती बहिणी मी पाहिल्यात! साडीचोळी घेतली, सही केली, माहेर तुटू नये म्हणून. त्यांना कुणी शांतपणे विचारलेलंच नसतं. तुम्ही तिला विचारा, आणि भावोजी हयात असताना विचारा. फ्लॅट ताईला दिला तर मुलीला दुसरं काय, याचाही विचार त्यांनीच करायला हवा. स्वकष्टार्जित मालमत्ता ते कुणालाही देऊ शकतात. गोव्यात एवढी मोकळीक नाही. तिथं पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं मुलांचा वाटा राखून ठेवलेला असतो, मृत्युपत्र करता येतं ते आपल्या निम्म्या हिश्शाचंच.

भाचा: त्यापेक्षा बाबांनी आत्ताच फ्लॅट बक्षीसपत्रानं आमच्या नावावर केला तर? मुद्रांक शुल्क अगदी कमी आहे म्हणतात.

मावशी: राहतं घर मुलांना द्यायला मूळ शुल्क २०० रुपये, म्हणून लोक धावतात. पण बक्षीसपत्र एकदा झालं की मन बदलून चालत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं परत मागायला २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण म्हातारपणी त्या पायऱ्या चढाव्याच का लागाव्यात? मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, आणि तोवर घर त्यांचंच राहतं.

भाचा: बरं, मग त्यात लिहायचं, की फ्लॅटमध्ये आईनं हयातभर राहावं आणि नंतर तो मुलांना मिळावा.

मावशी: असं लिहू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. अशी अट घातली तर कायदा ताईची मालकी अटीसकटच धरतो. उद्या तिला मोठं आजारपण आलं, किंवा लहान घरात जावंसं वाटलं, तर तिला तो विकता येणार नाही. मालकी पूर्ण द्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला घर विकायची अक्कल नसेल, असं का धरायचं? आणि तिचंही मृत्युपत्र करा. बायकांचे दागिने, ठेवी असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. माझंच बघ. यजमान गेले, मूल नाही. माझ्या कमाईतलं घर मृत्युपत्राशिवाय सासरच्या वारसांकडे गेलं असतं. फक्त आईवडिलांकडून आलेलं माहेरच्या बाजूला परततं. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कायद्याचा हाच अर्थ लावला. म्हणून मी माझं केव्हाच लिहून ठेवलंय.

भाचा: स्टँप पेपर कितीचा लागतो?

मावशी: लागतच नाही. साधा कागद चालतो. भावोजींची सही दोन साक्षीदारांनी पाहिलेली असावी आणि त्या दोघांनीही त्यांच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार वयानं लहान असावेत, ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. उरलेलं, न लिहिलेलं सगळं कुणाला, हेही एका वाक्यात लिहावं, नाहीतर पुढे घेतलेली एखादी ठेव अडकते.

भाचा: मग मी मजकूर टाइप करतो आणि रविवारी बाबांना घेऊन तुझ्याकडे येतो.

मावशी: नको. ज्याला मिळणार आहे त्यानंच मृत्युपत्र करवून घेतलं, तर कोर्ट त्याच्याकडे संशयानं बघतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८च्या निकालापासून हेच चालत आलंय. मीही ताईची सख्खी बहीण, म्हणून मसुदा मी करणार नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या एका वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे भावोजींना एकट्यांना जाऊ दे. काय द्यायचं, कुणाला, हे त्यांनी त्यांच्या तोंडानं सांगावं. तू फक्त सातबारा, आठ-अ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ठेवींच्या पावत्या एका फाइलीत लावून दे.