सभासद-यादी : लांबीपेक्षा अचूकता महत्त्वाची

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील इंग्रजी वैद्यकीय लेखांची निगा राखण्यासाठी २००४ साली स्वयंसेवकांचा एक प्रकल्प सुरू झाला. सभासद-यादीत नाव नोंदविण्यास पदवीची अट नाही. डॉक्टरांबरोबर विद्यार्थी व इतर जाणकारही त्यात सहभागी होतात.

कालांतराने अनेकांचे काम थांबते, नावे मात्र तशीच राहतात. मग औषधाच्या मात्रेतील चुकीविषयीची विचारणा अनुपस्थित सभासदाकडे जाते आणि चूक वाचकांसमोर कायम राहते.

प्रत्येक संपादनाची तारीखवार नोंद उपलब्ध असते. ती पाहून निष्क्रिय नावे वेगळ्या यादीत ठेवावीत. खोडू नयेत, कारण परतणाऱ्यास दार मोकळे हवे. गावातील रक्तदात्यांची यादी ठेवणाऱ्यांनीही हेच पथ्य पाळणे हितावह ठरेल.