खांदा दुखला तर सांगायचं

वाकड

चि. चिन्मय,

परवा तुझ्या एबर्डीनच्या मित्राचा तुझ्या आईला फोन आला होता. स्कापा फ्लोमध्ये बुडालेल्या ‘मार्कग्राफ’ युद्धनौकेवरून वर आल्यावर तुझा डावा खांदा रात्रभर ठणकत होता, तू गोळी घेऊन झोपलास आणि बोटीवर कुणालाच काही बोलला नाहीस, हे तो सहज सांगून गेला. टाक्या उचलताना लचक भरली असेल, असं आईने मनाशी ठरवून टाकलं. मला तसं ठरवता येईना.

बाळा, भोसरीच्या शेडमध्ये माझा जन्म गॅसच्या सिलिंडरांत गेला. ४५ मीटरवर साडेपाच पट दाब असतो, अंगात मुरलेला वायू वर येताना पुरते थांबे घेऊन बाहेर काढला नाही तर त्याचे बुडबुडे होतात आणि खांदा ही त्यांची नेहमीची जागा, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी गोळी घेतलीस! गोळीने ठणका दबला, बुडबुडा जिथल्या तिथे. त्यावर उपाय म्हणजे ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन आणि प्रेशर चेंबर. ते एबर्डीनला, तुझ्याच गावच्या इस्पितळात आहे.

आमच्याकडे ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबणाने धुवायची शिस्त होती. हातमोज्यावर तेलाचा ठिपका दिसला तर तो मोजा शेडबाहेर. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेटतात, म्हणून ‘एवढंसं तेल’ असं तिथे कुणी म्हणत नसे. तू मात्र ‘एवढंसं दुखतंय’ म्हणून पांघरूण ओढलंस.

आणि आता म्हणे तुम्हा मंडळींचं ‘हॉक’ या बुडालेल्या युद्धनौकेवर उतरायचं चाललंय. ११० मीटर, म्हणजे बारा पट दाब. तिथे साधी हवा चालत नाही. तिच्यातला नायट्रोजन गुंगी आणतो, ऑक्सिजन विषारी होतो. म्हणून हेलियमचं मिश्रण घ्यायचं आणि वर येताना कित्येक तास थंडगार पाण्यात लटकत राहायचं. गारठलं की हातापायांतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि वायू तिथेच अडकून राहतो. तळाशी अंग गरम आणि थांब्यांवर गार, हा मेळ सगळ्यात वाईट, असं अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत दिसलं आहे. अंगात घातलेल्या हीटरची बॅटरी वर येताना संपली तर काय, याचं उत्तर तुझ्याकडे आहे ना? त्यात किनारा सत्तर मैल दूर. तिथे खांदा लपवलास तर?

पुष्कळ रागावलो. पण जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली, कॅप्टन मुल्लांसह १९४ जण गेले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढे नौदलाचा फॉर्म आणला. तुझ्या आजोबांनी ‘नको’ म्हटलं आणि मी पुन्हा विचारलंच नाही. ते अजून टोचतं. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जाऊन आलास तेव्हा तुझ्या तोंडून दोन तास वर्णन ऐकत बसलो होतो, ते उगाच नव्हे.

‘हॉक’वर १५ ऑक्टोबर १९१४ला पाचशेहून अधिक खलाशी गेले. एकट्या यू-९ पाणबुडीने! २०२४च्या ऑगस्टमध्ये तुमच्यासारख्याच पाणबुड्यांनी ती शोधली, तोवर ती माणसं कुठे आहेत हे कुणाला नक्की माहीत नव्हतं. त्यांना कुणीतरी भेटायला जावं, हे मला पटतं. विशाखापट्टणमला आपल्या नौदलाला पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी पुन्हा सापडली, तेव्हा ती शत्रूची असूनही तिला हात लावला नाही. तसाच तिथला खिळाही उचलू नकोस.

मात्र आधी डायव्हिंगच्या डॉक्टरांना खांदा दाखव. गोळीसकट सगळं सांग. ते थांब म्हणाले तर हा मोसम जाऊ दे.

आईला मी अजून काही बोललो नाही. तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकलं तर ती कमी घाबरेल. दिवाळीला आलास की आपण मालवणला जाऊ. निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त ‘गुलदार’ पर्यटकांसाठी बुडवायचं ठरलं होतं, तिची चौकशी करू. तू खाली जा, मी होडीत बसेन. आणि दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री कधीही फोन कर. फोनवर मी रागावणार नाही, आधी तुझं ऐकून घेईन.

तुझा,
मामा