पाठीचा कणा

आषाढसरी कोसळू लागल्या, की कोकणातील खाचरांत भाताची लावणी सुरू होते. चिखलात उभ्या राहून, कमरेत वाकून स्त्रिया दिवसभर रोपे लावतात. सायंकाळी घरी परतताना मात्र त्यांना पाठ सरळ करणेही कठीण जाते. असे का बरे होते?

कणा म्हणजे एकच अखंड हाड नव्हे. मानेपासून कमरेपर्यंत २४ मणके एकावर एक रचलेले असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये कूर्चेची मऊ, चिवट गादी असते. गलबताची डोलकाठी जशी दोरांनी ताणून धरलेली असते, तसा हा कणा स्नायूंनी सावरलेला असतो. मनुष्य फार वेळ वाकून राहिला, की हे स्नायू थकतात व दुखू लागतात. पुस्तकावर तासन्‌तास ओणवून बसणाऱ्या विद्यार्थ्याचीही तीच गत होते.

दिवसभराच्या भाराने गाद्यांतील थोडे पाणी बाहेर जाते. म्हणून सायंकाळी मनुष्याची उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते! रात्रीच्या विश्रांतीने ती पुन्हा भरून येते. पण विश्रांतीलाही मर्यादा हवी. पूर्वी पाठ धरली, की रुग्णास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. त्यामुळे स्नायू अधिकच दुबळे होतात, असे आता आढळून आले आहे. बहुधा असे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. शेक घ्यावा, झेपेल तेवढे हिंडावे-फिरावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करावा. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. मात्र पायांतील शक्ती कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडल्यानंतर पाठ दुखू लागली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

पाण्याची कळशी उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत व कळशी अंगाजवळ धरावी. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे २०२० सालचे राष्ट्रीय धोरण सांगते.

लावणी करणारी स्त्री मधेच उभी राहून पाठ ताणते, तेव्हा तो तिचा आळस नसतो. थकलेल्या कण्याची ती रास्त मागणी असते. तिच्या वाकलेल्या पाठीमुळेच आपल्या पानात भात येतो, हे आपण कधीही विसरू नये.