हलत्या खुर्चीची चार मिनिटं: बिल कुठे फुगतं?

गेम झोनसाठी हलत्या खुर्च्या घेतल्या, सोबत आलेल्या राइड फिल्म पोरांनी पाठ केल्या, आता स्वतःची हवी: कोकणकड्यावरून झेपावणारी. तर ॲनिमेशनवाल्याला ‘मिनिटाला किती?’ एवढंच विचारून थांबू नका. जाहिरातीच्या मिनिटाचा भाव राइडच्या मिनिटाला लागू होत नाही.

जाहिरातीत कट मारून तोच सेट पुन्हा वापरता येतो. राइडमध्ये कट मारला की खुर्चीतला माणूस भानावर येतो, म्हणून प्रवास सलग लागतो. ताशी ६० किलोमीटरने चार मिनिटं धावायचं तर ४ किलोमीटरचा मुलूख उभारा. राइड फिल्म सारख्या खाणीत नि बोगद्यात शिरतात त्याचं एक कारण हेच असावं: भिंती जवळ, अंधार फुकट. बेल्जियमच्या बेन स्टासेन यांची ‘डेव्हिल्स माइन राइड’ खाणीतलीच. कोकणकड्याला मात्र दरी लागते, आभाळ लागतं. तिथे धुकं घाला. पावसाळ्यात ते खरंही वाटतं आणि पैसेही वाचतात.

मग फ्रेम मोजा. सेकंदाला ६० धरल्या तर चार मिनिटांच्या १४,४००. थ्रीडीत दोन डोळ्यांसाठी २८,८००. एका फ्रेमच्या रेंडरला दहा मिनिटं लागली तर एका मशीनवर २०० दिवस, भाड्याच्या वीस मशीनवर दहा. सेकंदाला ३० केल्या की हे निम्मं होतं, पण वेगात चित्र थरथरतं आणि मळमळीच्या तक्रारी तुमच्याच काउंटरवर येतात. मी असतो तर लांबी कापली असती. तीन मिनिटं पुरतात.

कोटेशनमध्ये हटकून राहणारी ओळ म्हणजे खुर्चीची हालचाल. प्रत्येक वळण, प्रत्येक हिसका चित्राशी जुळवून कोणीतरी खुर्चीला शिकवावा लागतो. तीन दिशांना हलणाऱ्या खुर्चीची फाइल सहा दिशांच्या प्लॅटफॉर्मवर जशीच्या तशी चालत नाही. मशीन बदललं की काम पुन्हा. शिवाय धक्का दिल्यावर खुर्चीला हळूच मूळ जागी यायला सवड लागते. ती गोष्टीतच ठेवून घ्या, नाहीतर पुन्हा रेंडर, पुन्हा बिल.

करारात लिहून घ्या: कच्च्या करड्या चित्रावर तुमच्याच खुर्चीत चाचणी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मूळ फाइल कोणाच्या. वर १८ टक्के जीएसटी धरा.

एकच मशीन असेल तर सरळ तयार फिल्मचा परवाना घ्या. तो किती मशीनपुरता, किती मुदतीचा, आणि मुदत संपताच फिल्म आपोआप बंद पडते का, हे ऐन शनिवारी संध्याकाळी कळण्यापेक्षा आधीच विचारा.