तान्ह्या मुलाची बाळोती

जुन्या धुवट लुगड्याची बाळोती नव्या कापडापेक्षा मऊ असतात व ओल चांगली टिपतात, हा घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा अनुभव यथार्थ आहे. मात्र ही वस्त्रे ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेली असल्यास ती नवजात अर्भकास वापरू नयेत. काही मुलांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असते; गोळ्यांतील नॅफ्थॅलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते आणि मेंदूसही अपाय पोहोचू शकतो. बाह्यतः असे मूल ओळखू येत नाही.

बाळोती खळबळून साबणाचा अंश काढावा व उन्हात वाळवावी. पावसाळ्यात इस्त्री फिरवावी. पाचव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा तरी बाळोती भिजल्यास अंगावरचे दूध पुरत असल्याचे समजावे. कमी भिजल्यास परिचारिकेस त्वरित कळवावे.