आबांचं युद्ध शोधताना

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात ‘रॉयल इंडियन नेव्ही’त होते. घरात एवढंच पक्कं ठाऊक होतं. बाकीचं सगळं गणपतीत गावी जमणाऱ्या मंडळींनी वर्षागणिक वाढवत नेलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला आणि मी त्या गोष्टीमागचे कागद शोधायला लागले. त्यातून जे उमगलं, ते असं.

१. घरच्या गोष्टीला नेहमी सगळ्यात गाजलेली बोट हवी असते. आमच्याकडे आबा ‘बेंगॉल’वर होते असं सांगत. का नाही सांगणार? ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, सुरुंग काढणाऱ्या या चिमुकल्या बोटीने ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या जोडीने दोन मोठ्या जपानी जहाजांना तोंड दिलं आणि त्यांतलं ‘होकोकु मारू’ बुडालं. खरा गोळा ‘बेंगॉल’चा की ‘ओंडिना’चा, यावर आजही दोन बाजू आहेत. आबांच्या भरतीची तारीख मिळाली तेव्हा कळलं, की त्या दिवशी आबा किनाऱ्यावर, प्रशिक्षणात होते. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याचंच नंतर जास्त वाईट वाटलं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा त्या दिवशी सुखरूप होता, आणि नात हिरमुसली!

२. इतिहास साहेबांना नावाने ओळखतो, खलाशाला नंबराने. ‘नेव्ही लिस्ट’ नावाच्या छापील यादीत अधिकाऱ्यांची नावं सापडतात. बॉयलरपाशी राबणाऱ्याचं तिथे काय काम? नाविकांच्या नोंदी सांभाळणारं नौदलाचं कार्यालय मानखुर्दला आहे. पण कुठेही चौकशी केली तरी नावाआधी सेवा क्रमांक हवा असतो. आमच्याकडे तो होता आत्याच्या ट्रंकेत, आजीने रेशनकार्डाबरोबर बांधून ठेवलेल्या सुटकेच्या कागदावर. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. घरातले शिकलेले पुरुष आबांची शौर्यगाथा सांगत राहिले आणि पुरावा तेवढा तिने जपला.

३. बोट सापडली म्हणजे माणूस सापडला असं नाही. आबांची बोट निघाली ‘नर्बदा’. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला बांधलेली, १९४३ साली सेवेत आलेली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर, म्येबोन आणि कांगॉ इथे दोस्तांच्या फौजा उतरल्या, तेव्हा ‘नर्बदा’ आणि ‘जमुना’ यांनी तोफांचा आधार दिला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. चला, बेंगॉल नाही तर कांगॉ! मग सुटकेच्या कागदावरचा हुद्दा नीट पाहिला : स्टोकर. म्हणजे वर तोफा धडाडत होत्या तेव्हा आबा खाली, उकाड्यात, बॉयलरशी. आराकानचा किनारा त्यांना दिसलाही नसेल. नुसते हादरे बसत असतील, आणि आपला गोळा सुटला की आपल्यावर पडला हे ओळखायला खाली कान सोडून दुसरं काही नसेल. आबा युद्धाबद्दल बोलायचे नाहीत याचं मला नेहमी कोडं पडे. बघितलंच नाही, तर सांगणार काय?

४. समुद्रावरचं युद्ध बरंचसं राखणीचं असतं. १९३९ साली या नौदलात अधिकारी-खलाशी मिळून दोन हजारही माणसं नव्हती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या पुढे गेली. एवढी माणसं करत काय होती? मालवाहू जहाजांच्या तांड्यांना सोबत, सुरुंग काढणं, बंदरांपुढे गस्त. मी पानांमागून पानं उलटत होते आणि काहीच घडत नव्हतं. कंटाळा आला, हे कबूल करते. रानडुकरांपासून भात राखायला रात्रभर माळ्यावर बसलेल्या माणसाला सकाळी कुणी विचारत नाही, काल काय पराक्रम केलास? शेत उभं आहे, हाच पराक्रम.

५. १९४६ साल दिसलं की कोकणातल्या घराला उठाव दिसतो. आमचाही तोच दावा : आबांना नाविकांच्या उठावात भाग घेतला म्हणून काढलं. उठाव सुरू झाला १८ फेब्रुवारीला, कुलाब्याच्या ‘तलवार’ या केंद्रावर. आबांची सुटका जानेवारीतली. मुंबई पेटली तेव्हा आबा गावी कुळथाच्या शेतात असणार. युद्ध संपल्यावर हजारो नाविक असेच घरी पाठवले गेले. पण मग उठाववाल्यांच्या मागण्या वाचल्या. चांगलं जेवण, साहेबांची नीट वागणूक यांच्याबरोबर लवकर सुटका आणि पुढची सोय हेही त्यांत होतं. म्हणजे ते जी सुटका मागत होते, ती आबांना मिळाली होती. पुढची सोय मात्र झाली नव्हती. घरच्यांची तारीख चुकली, पण त्या पोरांच्या आणि आबांच्या पोटातली काळजी एकच होती.

६. बोटीलाही फाळणी चुकली नाही. ‘नर्बदा’ पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि ‘झेलम’ झाली. आपल्या नर्मदेच्या नावाची बोट, तीही आबांची, कराचीच्या नौदलात! युद्धाआधी या नौदलाचे खलाशी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यांतही कोकणी मुसलमान जास्त. आमच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका घरात मी गेले, तर तिथल्या आजोबांच्या भावाचे कागद कराचीत राहिलेले. चहा घेता घेता आम्ही दोन्ही घरच्या थापा एकमेकांना ऐकवल्या. त्यांच्याकडेही ‘बेंगॉल’च होती! १९६४ साली निघालेला या नौदलाच्या युद्धाचा अधिकृत इतिहास भारत-पाकिस्तानच्या संयुक्त विभागाने केलेला आहे. घरच्या इतिहासाला तेवढा मोकळेपणा आणायला आम्हाला बराच जास्त वेळ लागला.

७. मी अभिमान चुकीच्या ट्रंकेत शोधत होते की काय, असं शेवटी वाटलं. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सीमेन्स होममध्ये, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्यांच्या नावांचं एक पुस्तक आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धातले नौदलाचे चारशेंवर खलाशी आहेत, आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार. गणवेश नाही, सलामी नाही. कोळसा, तेल, धान्य वाहणारी माणसं. आबांचे एक चुलतभाऊ असेच ‘बोटीवर होते, आले नाहीत’ एवढ्या एका वाक्यात आमच्या घरात उरलेत. त्यांच्यावर कुणी गोष्ट रचली नाही, मीही त्यांचा कागद कधी शोधला नव्हता. आता तो शोध सुरू आहे.

तुमच्या घरातही असं कुणी ‘बोटीवर’ गेलेलं असेल. गोष्टी काकांकडून ऐका, पण ट्रंक आत्याची उघडा. आणि माणूस नौदलातला नव्हता म्हणून सोडून देऊ नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत व्यापारी जहाजांवरचे खलाशीही आहेत, आणि नाव शोधायला पैसे पडत नाहीत.